भट्टीवरचा डगला

मी एक जुना डगला आहे. जाड सुती कापडाचा, गळ्यापर्यंत बंद. खिशात धूळ साठते म्हणून शिंप्याने मला खिसे ठेवलेच नाहीत.

मित्रांनो, माझी बाई भट्टीवर कामाला होती. भाताचं तूस हवा न लागू देता भट्टीत प्रचंड तापवलं, की त्यातून तंतू उगवत. केसाहून कितीतरी बारीक, पण तेवढ्याच जाडीच्या पोलादी तारेहून बळकट! ठिसूळ सिरॅमिकमध्ये ते मिसळले की सिरॅमिक सहजी तडकत नसे. भट्टी उघडताना बाई म्हणायची, "आलं बघा पीक!" बघायला आलेले पाहुणे वाहवा करत.

पण ते पीक श्वासातून आत गेलं, तर फुप्फुसात रुतून बसतं. म्हणून बाई नाकातोंडावर मास्क लावायची आणि मला कारखान्यातच धुवायची.

एकदा तिथलं धुलाईयंत्र बंद पडलं. "उद्या पाहुणे यायचेत आणि हा असला अवतार?" साहेब खेकसले. बाईने मला पिशवीत घातलं, घट्ट गाठ मारली आणि घरी नेलं.

ती बादली भरायला न्हाणीत गेली. तेवढ्यात तिच्या लेकीने गाठ सोडली आणि मला डोक्यावरून पांघरलं.

"आजी, ओळख मी कोण!"

"अगंबाई, भूत!" आजीने घाबरल्याचं सोंग केलं.

मुलीने माझ्यात नाक खुपसून खोल श्वास घेतला. "आईचा वास येतोय!"

माझ्या विणीत तंतू होते. मला ओरडता आलं नाही.

ओरडली बाई. "टाक! टाक तो आधी!"

"अगं, केवढ्याने ओरडतेस! खेळतंय पोर," आजी म्हणाली.

डॉक्टरांनी मुलीची छाती तपासली. "आज तरी काही नाही. पुढचं कोण सांगणार?"

तेव्हापासून मी जाड प्लास्टिकमध्ये बंद आहे. कारखान्यातल्या कपाटात, नव्या माणसांना धोका समजावताना दाखवण्यापुरता. बाई आता तिथली साहेब झाली आहे. दुपारी माझ्यासमोर बसून ती घरी फोन लावते.

"जेवलीस? बरं, खोकून दाखव."

"आई, कॉलेजात जाते मी आता!"

"खोक गं जरा."

मुलगी हसत हसत खोकते. बाई डोळे मिटून ऐकते. मीही ऐकतो. त्यात काही नसतं. उद्या पुन्हा फोन.

मित्रांनो, आईबाबा कामावरून आले की धावत जाऊन बिलगू नका. त्यांना कपडे बदलू द्या, हातपाय धुऊ द्या. "थांब, अजून नको," असं म्हणून आईने हाताने थोपवलं, तर रुसू नका. तेवढा वेळ तिलाही जड जात असतो.