वकील जेवत नाही

घर सोडून माझ्याकडे आलेला कुत्रा पहिल्या दिवशी जेवला नाही, तर मी काळजी करत नाही. तो भांडं हुंगतो, मान फिरवतो आणि फाटकाकडे तोंड करून बसतो. तो रुसवा. दुसऱ्या दिवशी भुकेपुढे तो टिकत नाही. आजारी कुत्र्याचं निराळं असतं. अन्न समोर आलं की तो ओठ चाटतो, सारखा आवंढा गिळतो आणि उठून लांब जातो.

वकील ओठ चाटत होता.

वकील हा काका-काकूंचा कुत्रा. तांबूस, म्हातारा, एक कान कायमचा मोडलेला. काका-काकू माझ्या नात्याचे नाहीत, पण गावाला जाताना वर्षानुवर्षं त्याला माझ्याकडेच ठेवतात. त्याचं खरं नाव काहीतरी दुसरं होतं. पण नवरा-बायको एकमेकांशी बोलत नाहीत, जे काही बोलायचं ते कुत्र्यामार्फत, म्हणून शेजाऱ्यांनी त्याला वकील म्हणायला सुरुवात केली आणि घरच्यांनीही तेच उचललं. कशावरून बिनसलं, ते मी कधी विचारलं नाही. मी प्राणिशास्त्र शिकले, काही वर्षं प्रयोगशाळेत काढली, मग घरामागच्या मोकळ्या जागेत हा कुत्र्यांचा मुक्काम सुरू केला. हल्ली सकाळी पिंजरे धुऊन झाले की भिंतीला धरून सरळ व्हावं लागतं. माणसांचं नव्याने काही समजून घ्यायचं त्राण उरत नाही.

त्या सकाळी दोघं त्याला सोडायला आले तेव्हाही नेहमीचंच चाललं होतं.

“वकील, यांना सांग, गाडी उन्हात लावलीये,” काकू म्हणाल्या.

“वकील, हिला सांग, सावली आपल्या बापाची नाही,” काका म्हणाले.

वकिलाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि खाली बसला. बसताना मागचा पाय आखडला होता. गुडघा झिजलाय त्याचा, हे मला ठाऊक होतं. काकूंनी पर्समधून गोळ्यांची गुलाबी पट्टी काढून माझ्या हातात दिली. “गुडघ्याची. रोज एक, पोटात अन्न असताना,” म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. मग पट्टा द्यायचा राहिला म्हणून काका परत आले. पट्टा दिला आणि शर्टाच्या खिशातून एक पांढरी पट्टी काढली. “याची गोळी. खाणं झालं की एक. सांभाळून द्या, थुंकतो लबाड.” म्हाताऱ्या कुत्र्यांना दोन-तीन औषधं असतातच. मी दोन्ही पट्ट्या फळीवर ठेवल्या.

दुपारी सगळ्यांची भांडी मांडली. वकील उठून कोपऱ्यात गेला आणि तिथे उभा राहून त्याने पुढचे पाय लांब पसरले, छाती जमिनीला टेकवली, मागचा भाग मात्र वर. अनोळखी माणसाला ते आळोखेपिळोखे वाटतील. आळस देणारा कुत्रा क्षणात सरळ होतो. हा तसाच राहिला. पोट दुखणारा कुत्रा असा उभा राहतो.

मी त्याच्याजवळ बसले आणि ओठ वर उचलला. हिरडी फिकट होती, धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखी. बोटाने दाबून सोडली तर रंग परत यायला फार वेळ लागला. कुंपणाशी त्याने शी केली होती, ती डांबरासारखी काळी आणि चिकट. काळा रंग म्हणजे पोटात कुठेतरी रक्त झिरपतंय.

मग मी फळीवरच्या दोन्ही पट्ट्या उजेडात नेल्या. वरची नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या. खालच्या बारीक अक्षरांत औषध एकच.

मी काकूंना फोन लावला. त्या वाटेतच होत्या.

“अगं, रुसलाय तो,” त्या म्हणाल्या. “आम्ही निघालो की नाटकं करतो.”

“काकू, रुसलेल्या कुत्र्याची शी काळी होत नाही. परत या. मी त्याला डॉक्टरांकडे नेतेय.”

ते पोचले तोवर वकिलाला सलाईन लागलं होतं. डॉक्टर चष्म्यावरून दोघांकडे पाहत म्हणाले, “दुखण्याची गोळी कोण देतं याला?”

“मी,” दोघं एकदम म्हणाले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “रोज?”

“रोज,” पुन्हा दोघं एकदम.

डॉक्टर म्हणाले, “म्हणजे रोज दुप्पट. जठराला जखमा झाल्यात. किडनीचं काय ते रिपोर्ट आल्यावर कळेल.”

“वाचेल ना?” काकूंनी विचारलं.

“म्हातारा आहे. आजची रात्र जाऊ दे.”

आम्ही तिघं बाहेरच्या बाकावर बसलो. एका टोकाला काका, दुसऱ्याला काकू, मध्ये मी. जिथे एरवी वकील बसतो तिथे. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण राग यायलाही थोडा ताजेपणा लागतो. घरी भांडी घासायची होती आणि संध्याकाळचं फिरवणं बाकी होतं.

“यांना विचार,” काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, “गोळी आणली तर घरात सांगायला काय झालं होतं?”

“हिला विचारा,” काका माझ्या दुसऱ्या कानाशी, “हिने सांगितलं होतं का?”

“काका, मी कुत्री सांभाळते,” मी म्हटलं. “वकिली मला जमत नाही. त्या शेजारीच बसल्यात.”

आणि मी उठून नळाकडे गेले. पाणी प्यायले, तोंडावर मारलं, उगाच नळ चालू ठेवला. मागे बाकावर कुणीतरी खाकरलं. मी नळ बंद केला.

“कधी देत होतीस?” काकांचा आवाज आला.

“तुम्ही आंघोळीला गेलात की.”

“मी, तू दूध आणायला गेलीस की.”

“म्हणजे माझ्या मागोमागच.”

“पण मग दोन्ही वेळा कसा खायचा? माझ्याकडे तर दारात पळत यायचा.”

“लोण्यातून देत होते मी.”

“मी चीजमधून.”

“तरीच एवढा सुटलाय. मी शेजारच्यांना नावं ठेवत होते.”

काका हसले की काय म्हणून मी वळून पाहिलं. ते हसत नव्हते. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने काचा पुसत होते आणि पुसतच राहिले होते.

“मला वाटायचं, तुम्ही त्याच्याकडे बघतही नाही,” काकू म्हणाल्या.

“तू कुठे बघू देतेस? सगळं तूच करायचीस.” जरा थांबून ते म्हणाले, “गेला तर?”

काकूंनी पर्स मांडीवरून उचलून माझ्या रिकाम्या जागेवर ठेवली. मग काय वाटलं कोण जाणे, तिथूनही उचलली आणि स्वतः थोड्या सरकल्या.

रात्र गेली. किडनी बरीच सावरली होती. डॉक्टरांनी वकिलाला माझ्याकडेच पाठवलं, कारण इंजेक्शनं मला देता येतात. गुडघ्याची गोळी बंद, पोटाची औषधं वेळेवर आणि खायला मऊ भात. पहिल्या दिवशी त्याने फक्त पाणी घेतलं. दुसऱ्या दिवशी माझ्या बोटावरचा भात चाटला.

त्यानंतर दोघं भेटायला आले. वकील भिंतीला टेकून पडला होता. त्याने शेपूट एकदाच आपटलं. मी काकूंना दाखवलं, ओठ कसा उचलायचा, हिरडी कुठे दाबायची, रंग परत यायला लागतो तो वेळ कसा पाहायचा. घरी नेल्यावर हे रोज करा, म्हटलं, आणि औषध देण्याआधी एकमेकांना विचारा.

काकू गुडघ्यांवर बसल्या. बोटाने दाबलं, सोडलं, वाकून पाहिलं.

“अहो,” त्या म्हणाल्या, “बघा जरा. गुलाबी होतंय.”

काका वाकले. “मला नीट दिसत नाही. चष्मा बघ गं कुठे ठेवलाय.”

“तुमच्या डोक्यावर आहे.”

वकिलाने आधी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. त्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं. जरा वेळ तो तसाच वाट पाहत राहिला. मग मान खाली घालून त्याने भांड्यातला भात खायला सुरुवात केली.

मी पिंजरे धुवायला गेले.