डब्यातली चाळ

डबा सुरू होत नव्हता.

बटण दाबलं की आतून 'टिंग', समोर निळा दिवा, मग घशात काहीतरी अडकल्यासारखं 'टक टक टक', आणि खलास. टीव्हीवर 'नो सिग्नल'ची पाटी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तरंगत राहिली. अभय टीव्हीसमोर मांडी घालून बसला होता. मागे सोफ्यावर रखमा मावशी. कडक इस्त्रीची साडी, मांडीवर पर्स, दर्शनाला आल्यासारखी ताठ.

"झालं का रे?" आईने किचनमधून विचारलं.

"होतंय."

"मघापासून होतंयच चाललंय."

डबा म्हणजे अभयचा गेमचा कन्सोल. घरात त्याचं नाव डबाच. आणि डब्यात चाळ होती.

खरी चाळ पाडली. लालबागला, याच जागेवर उभी होती ती. लाकडी जिना, लांबलचक गॅलरी. बिल्डरने भाडं देऊन सगळ्यांना बाहेर काढलं तेव्हा अभय कॉलेजात होता. भाड्याच्या घरात मन लागायचं नाही. म्हणून तो ठोकळ्यांचा गेम खेळत बसायचा. त्यात रिकामं मैदान मिळतं आणि ठोकळ्यावर ठोकळा ठेवून वाट्टेल ते उभं करता येतं. लोक किल्ले बांधतात, विमानं बांधतात. अभयने चाळ बांधली. आधी आपली खोली. मग शेजारची. मग वाटलं, गॅलरीशिवाय खोली काय कामाची. मग जिना, नळ, गणपती बसायची जागा, गच्चीवरची टाकी. नवा टॉवर उभा राहिला, हे सगळे एकोणिसाव्या मजल्यावर राहायला आले, तरी त्याचं बांधकाम चालूच. खिडकीतून खाली बघितलं की चाळीच्या जागी पार्किंग दिसायचं. कधीकधी त्याला वाटायचं, आपण अजून चाळीच्याच वर आहोत. गेममध्ये उडतात तसे नुसते हवेत तरंगतोय. बटण सोडलं की अलगद खाली उतरू, दुसऱ्या मजल्यावर, आपल्या दारात, चप्पल काढायला.

रखमा मावशी शेजारच्या खोलीतली. एका मे महिन्यात ती नवऱ्याबरोबर कुडाळकडे गावी गेली, गणपतीनंतर येतो म्हणून. मग नवऱ्याचे, दगडूकाकांचे, गुडघे गेले. खोली त्यांनी पुतण्याच्या नावावर करून टाकली. मावशी परत आलीच नाही. चाळ रिकामी झाली ती तिने बघितली नाही, पाडली ती पण नाही. आता डोळे तपासायला मुंबईत आली होती आणि संध्याकाळच्या बसने परत चालली होती. मधे इथे आली ती एकाच गोष्टीसाठी.

तिला एक स्वप्न पडायचं. फोनवर तिनेच आईला सांगितलं होतं. "रोज येतंय गो मी चाळीत. काळोखात जिनो चढतंय, चढतंय, चढतंय. दार काय गावणा नाय. दमान जाग येता."

आईने तिथल्या तिथे शब्द दिला होता. "ये तू. तुझी खोली आहे आमच्या टीव्हीत. एकदा डोळ्यांनी बघून जा, म्हणजे रस्ता सापडेल."

शब्द आईचा. डबा अभयचा. आणि डबा टक टक करत होता.

अभयने वायर काढून दुसऱ्या पॉइंटला लावली. टक टक टक. टीव्हीची वायर बदलली. प्लग काढून ठेवला, बटण दाबून धरलं, मनातल्या मनात गाणं म्हटलं, परत लावलं. टक टक टक. मोबाइलवर कुठल्यातरी पोराचा दुरुस्तीचा व्हिडिओ बघितला. ते पोरगं इतकं खूश होतं की अभयने तो मधेच बंद केला. मग लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानवाल्याला फोन लावला.

"घेऊन ये भाऊ," दुकानवाला म्हणाला. "पण आधीच सांगतो, डेटाची गॅरंटी नाही. फॉरमॅट मारावा लागला तर सगळं साफ."

"आतलं काढून नाही देता येणार?"

"असं काय आहे आत?"

"घर आहे," तो म्हणाला.

"मग काय टेन्शन? दुसरं बांध ना!" दुकानवाला हसला आणि फोन ठेवला.

कॉपी कुठेच नव्हती. आज करू, उद्या करू म्हणत राहून गेलेली. चाळ एकदा पाडली तेव्हा निदान नोटीस तरी आली होती.

बाबा, म्हणजे जयवंत, आतल्या खोलीतून उठून आले. हिंदमाताला साडीच्या दुकानात असतात ते. आज त्यांची सुट्टी, डोळ्यांवर दुपारची झोप अजून तशीच. "दोन थापा मार वरून."

"बाबा, तो टीव्ही नाहीये."

"आपल्या जुन्या टीव्हीला लागायच्या."

"दृष्ट लागली असतली," मावशी आईला म्हणाली. "लतिका, मीठ-मिरच्यो हाड गो."

"मावशी, धूर झाला की अलार्म वाजतो इथे," अभय म्हणाला. "वॉचमन येतो वर."

"दृष्ट काढूक पण वॉचमनाक विचारूचा?" मावशीने पर्स बाजूला ठेवली. "कसल्या रे घरात ऱ्हवतास तुम्ही!"

सगळे हसले. अभय पण हसला, पण त्याचा हात डब्यावरच होता. डबा कोमट होता, ताप उतरलेल्या पोरासारखा. आत कुठेतरी गॅलरीत दुपार असणार. दोरीवर कपडे. रेडिओ चालू. सगळी दारं लोटलेली आणि सगळे झोपलेले. बाहेर आपण बटणं दाबतोय हे कोणाला माहीत पण नाही.

"खोलतो," तो म्हणाला.

"येतं तुला?" बाबांनी विचारलं.

"नाही येत. पण बंदच आहे ना, अजून काय बंद पडणार?"

प्लग काढला. खाली जुना टॉवेल पसरला. स्क्रू एका वाटीत. वरचं झाकण सरकवलं तर आतला पंखा दिसला, काळा, गोल. पात्यांवर धूळ, आणि धुळीत लाल रंग.

अभयने मोबाइलचा टॉर्च मारला. लाल म्हणजे कुंकू. एका बाजूला झेंडूची सुकलेली पाकळी. आणि पात्याच्या आणि कडेच्या बरोब्बर मधे, कोणी मुद्दाम पाचर ठोकावी तसा, तांदळाचा एक दाणा. कुंकू लावलेला. अक्षत.

"आई."

आई हात पुसत आली. वाकली. बघितलं, आणि पदर तोंडाला लावला.

"दसऱ्याला," ती म्हणाली.

"यावर अक्षता टाकल्यास तू?"

"सगळ्यांवरच टाकल्या. बाबांची कात्री, मीटरपट्टी, माझी मशीन, तुझा लॅपटॉप..."

"लॅपटॉप मिटलेला होता आई! याला वर जाळी आहे. भोकं आहेत. दिसत नाहीत? दसऱ्यापासून मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करत बसलोय, याला हात नाही लावला, आणि आज... दुकानवाला म्हणतो सगळं साफ होईल! कोणी सांगितलं होतं तुला पूजा करायला?"

आवाज चढला तो त्याचा त्यालाच ऐकू आला. मावशी आपल्या पर्सच्या चेनकडे बघत होती.

"कोणी नाही सांगितलं," आई हळूच म्हणाली. "म्हटलं, आपली सगळी माणसं त्यात राहतात. त्यालाच कसं वगळायचं?"

अभयने वाटीतले स्क्रू उगाच हलवले. मग म्हणाला, "सुई आण. मशीनची नको, मोठी."

आईने शिवणाच्या पेटीतली गोधडीची सुई आणली आणि स्वतःच टॉर्च धरून त्याच्याशेजारी खाली बसली. सुई पात्याखाली घातली. दाणा हलेना. जोर लावला तर पातं मोडायचं. अभयने श्वास धरला. आईने पण धरला. मावशी देवाचं काहीतरी पुटपुटत होती. आणि दाणा सुटला, टुणकन उडाला, थेट आईच्या मांडीवर.

अभयने बोटाने पंखा ढकलला. तो फिरला. नुसता फिरत राहिला, मऊ, आवाज न करता, उन्हाळ्यात कोणी झोपलेल्याला वारा घालावा तसा.

आईने दाणा कचऱ्यात टाकला नाही. खिडकीतल्या तुळशीत टाकला.

झाकण. स्क्रू. प्लग. अभयने बटण दाबलं.

टिंग. निळा दिवा. मग सगळे ऐकत राहिले. टक नाही. टीव्ही हळूहळू उजळला. काळं, मग निळं, मग गेममधली सकाळ. ठोकळ्यांचा सूर्य उगवत होता आणि त्याच्या उजेडात चाळ उभी होती. सगळी. टाकीसकट.

"अगो बाय," मावशी म्हणाली.

अभय गॅलरीतून चालू लागला. मावशीने त्याला थांबवलं. "वरसून नको. खालसून घे. रस्त्यावरसून. आणि धावू नको, गॅलरीत इतक्या घाईत कोण चालता?"

त्याने खाली उतरून रस्त्यावरून सुरुवात केली. फाटक. नळ. मावशी पुढे सरकत सरकत सोफ्याच्या कडेला आली होती. जिन्याच्या तोंडाशी ती म्हणाली, "थांब."

थांबला.

"कठडो खय?"

अभयने बघितलं. पायऱ्या होत्या. भिंत होती. कठडा नव्हता. इतकी वर्षं तो त्या जिन्यावर वर-खाली करत होता आणि त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

"राहिला," तो म्हणाला. "मी कधी धरायचोच नाही ना. उड्या मारत जायचो."

"तू पोरगो. माजो एक हात कमरेवरच्या कळशेर आणि दुसरो हात कठड्यार." मावशी टीव्हीकडे बोट करून म्हणाली, अगदी भांडण सोडवल्यासारखी. "बघ गो लतिका, म्हणान माका दार गावणा नाय! काळोखात धरतलंय काय?"

"डाव्या हाताला," बाबा म्हणाले. झोप पार उडाली होती त्यांची. "आणि वळणावर एक दांडी तुटलेली."

"ती तुझ्याच ह्या झिलान तोडलेली," मावशी अभयकडे बोट करून म्हणाली. "झोके घेय मेलो."

अभयने कुंपणाचे लाकडी तुकडे घेतले आणि एकेका पायरीला लावत वर निघाला. एक पायरी, एक तुकडा. वळणावर एक मोकळी सोडली. मावशी मधे मधे सांगायची, हय जरा उंच होतो, हय हात घसरायचो. गेममधली दुपार झाली, ठोकळ्यांचा उजेड जिन्यावरून कलला. खाली रस्त्यावर खऱ्या बसचे हॉर्न वाजत होते, पण ते कुठून तरी दुसऱ्याच गावातून आल्यासारखे वाटत होते. मावशीचा डावा हात सोफ्याच्या हातावर होता. अभय एक पायरी चढला की तो हात थोडा पुढे सरकायचा.

दुसरा मजला. गॅलरी. तिसरं दार.

"उघडू?" अभयने विचारलं.

मावशीने दाराकडे बघितलं. मग मान हलवली. "नको. आतला माका म्हायत आसा." आणि उठली, साडी सारखी केली. "चल जयवंता, बस चुकात माजी."

ती गेल्यावर अभयने जागचं न उठता आधी पेनड्राइव्ह लावला आणि चाळीची कॉपी केली. मग अजून एक केली. एक आईच्या कपाटात ठेवली.

काही दिवसांनी सकाळी आईचा फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकला, कारण हात पिठात होते.

"अभयाक सांग," पलीकडून मावशी म्हणाली. मागे कोंबडे ओरडत होते. "कठडो लागलो हाताक."

"आणि दार?" आईने विचारलं.

"दार काय गो," मावशी म्हणाली. "उघडाच होता."