साडेतीन किलोची अट

औषध अर्धा मिली, सकाळ-संध्याकाळ.

दूध पिताना कपाळावर घाम.

"आईच काडीपैलवान, लेक कुठून हत्ती होणार?" इति आत्याबाई.

काट्यावर रोज तोच आकडा.

हे सगळं एकाच घरातलं. चार महिन्यांच्या मुलीच्या हृदयात जन्मापासून भोक होतं, आणि बाप तिला लाडाने पैलवान म्हणायचा. भोक बुजवायला सर्जनबाईंची एकच अट होती: साडेतीन किलो भरू द्या. पैलवान तीन किलो तीनशेवर अडून बसली होती. प्यायलेलं दूध श्वास घेण्यातच खर्ची पडायचं.

आईच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. अंगातलं पाणी उतरवणारं लघवीचं औषध एकदा द्यायचं राहिलं, त्या दिवशी काटा वर गेला होता. म्हणून तपासणीच्या आधी दोन दिवस तिने बाटली उघडलीच नाही. कुणाला बोलली नाही, नवऱ्यालाही नाही.

दवाखान्यात काटा तीन किलो पाचशे दहावर थांबला.

"अगं बाई, भरली की!" आत्या म्हणाली. "मग वहिनी, तोंड का एरंडेल प्यायल्यासारखं?"

सर्जनबाई तारीख लिहू लागल्या. आई मुलीच्या बरगड्यांकडे बघत होती. श्वासागणिक कातडी आत ओढली जात होती, कालच्यापेक्षा खोल. पापण्या सुजलेल्या. गप्प बसलं की तारीख पदरात.

"मॅडम, हे वजन खरं नाही," ती म्हणाली. "दोन दिवस मी औषध दिलं नाही. पाणी आहे ते."

आत्याने कपाळावर हात मारला.

सर्जनबाईंनी पेन ठेवलं, मुलीच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. आई बोलणी खायच्या तयारीत उभी.

"असं पुन्हा करू नका. जिवावर बेतलं असतं." मग नळी गळ्यात अडकवत, "पण दोन दिवसांत एवढं पाणी धरतेय, म्हणजे हृदय थकलंय; वजनाची वाट बघणं हा आमचाच हट्ट होता. आजच दाखल करू. पाणी उतरलं की गुरुवारी ऑपरेशन."

"पण साडेतीन..."

"राहू द्या ते आता."

ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी घरी नेताना पैलवान आत्याच्या कानाशी अशी काही किंचाळली, की आत्या म्हणाली, "वहिनी, हिचा आवाज तेवढा परत आत टाकून मिळेल का विचार!"

भोकावर शिवलेलं ठिगळ तिच्याच हृदयावरच्या पडद्याचं होतं, बापाच्या अंगठ्याच्या नखाएवढं.