डिग्री लागलेलं दूध

लातूर वेगळा जिल्हा झाला आणि त्याच सुमारास पावसानं पाठ फिरवली. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, पण चाकूरकडच्या त्या गावात तसं कुणी मानत नव्हतं. दूध संस्थेचा सेक्रेटरी मल्लिकार्जुन तर काहीही मानायच्या पलीकडे गेला होता. जेमतेम भरलेला एकच कॅन दुधाच्या गाडीत चढवायचा, त्याला टेकून डुलक्या घेत लातूरचं शीतकरण केंद्र गाठायचं, एवढंच त्याच्यात उरलं होतं.

त्या दिवशी केंद्रावरच्या साहेबांनी दुधात डिग्री, म्हणजे दाटपणा, बघायची नळी सोडली; दूध पातळ तितकी ती खोल जायची. ती नेहमीसारखी बुडेचना. साहेब जुन्या जिल्ह्यातून बदलून आलेले, या गावचं दूध त्यांच्या जुन्या ओळखीचं. त्यांनी नळी पुसून पुन्हा सोडली. नळी आपली वरच.

"काय मिसळलंय? साखर का पावडर?"

"पाणीसुदिक न्हाई साहेब गावात. मिसळावं काय?"

तुमच्या गावचं दूध असं नसतं, असं साहेबांनी समजुतीनं सांगितलं आणि कॅन परत केला. उद्याही हेच दूध आलं तर गाडी गावाकडं वळणार नव्हती. गाडी बंद म्हणजे संस्था बंद, आणि मग म्हशी बाजारात.

संध्याकाळी मल्लिकार्जुननं घरोघर फिरून दुधात थोडं थोडं पाणी घालायची विनंती केली. कुणी हसलं नाही. हसायला घसा ओला लागतो. केवळाबाई म्हशीशेजारी बसली होती, ती म्हणाली, "इतकी वर्सं चोरून घातलं तवा बोंबललास. आता मागायलास व्हय? म्हशीला पाजू का दुधाला?"

शेवटी त्यानं टँकरचं घरच्या वाट्याचं पाणी कॅनमध्ये ओतलं. बायको दानम्मानं रिकामी कळशी पालथी घातली.

दुसऱ्या दिवशी नळी बरोबर खुणेपर्यंत बुडाली. "आता कसं शुद्ध आलं," साहेब म्हणाले.

रिकामा कॅन केंद्रावरच्या नळाखाली विसळायची रीत होती. मल्लिकार्जुननं नळ सोडला, तो काठोकाठ भरेपर्यंत बंदच केला नाही, आणि वर झाकण लावलं.

"हे काय?"

"धुवायलो साहेब. काल भेसळ व्हती न्हवं. घरी नेऊन नीट घासतो."

साहेबांना त्याची सचोटी आवडली.

गावात ते पांढुरकं पाणी केवळाबाईच्या म्हशीनं मान वर न करता संपवलं. उद्यापासून दोन कॅन नेता येतील का, केवळाबाईनं विचारलं.

"दूध एकाच कॅनपुरतं हाय, मावशी."

"मग दोन्हीत अर्धं अर्धं ने," ती म्हणाली.