चिडीचूप घरातली टेप

मी टेप बोलतेय. हो, तीच जुनी, मोठ्या चक्रीवर गुंडाळलेली तपकिरी फीत. जरा कान जवळ आणा, कारण माझा आवाज बसलाय आणि मला फार वेळा सांगता यायचं नाही. एकदा वाजले की अंगाची थोडी पूड यंत्रावर सांडते. बोलले की झिजते, असं माझं झालंय. पण गप्प राहून तरी कुणाचं भलं झालं? मी ज्या घरात राहिले तिथे सगळे गप्पच होते.

माझा जन्म कारखान्यातला. प्लॅस्टिकच्या लांबच लांब पट्टीवर गंजासारखी पूड चिकटवली, खोक्यात घातली, झाले मी तयार. कोरी होते तेव्हा फार उत्सुकता होती. आपल्यावर काय उमटेल? कुणाचं भाषण, कुणाचं गाणं, एखाद्या बाळाचे बोबडे बोल? नशिबी आला एक जाझ संगीतकार.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. पियानोवर बसला की त्याच्या अंगात वारं शिरायचं. हॉटेलात दुसऱ्यांची गाणी वाजवून तो पोट भरायचा, पण मनात एकच ध्यास होता. एक तरी रेकॉर्ड आपली, अगदी आपली असावी. विषयही ठरलेला होता, आपलं घर आणि घरामागचं रान. मुलीचं लाडाचं नाव चिऊ, तर एक रचना 'चिऊ'. एक मागच्या अंगणातल्या तुतीच्या झाडावर. एक कुंपणापलीकडच्या ओढ्यावर. आणि एक बायकोवर, तिचं नाव 'बशा विसळताना'. बायको बशा विसळताना काहीतरी गुणगुणायची. त्या गुणगुणण्यातूनच त्याला ती चाल सुचली होती.

घराच्या पुढच्या खोलीतच रेकॉर्डिंग करायचं ठरलं. भिंतींवर रजया ठोकल्या. खिडकीला गादी उभी केली, पाखरांचा आवाज यायला नको म्हणून. दाराखालच्या फटीत जुने स्वेटर कोंबले. भिंतीवरचं घड्याळ बंद केलं. आणि घराला हुकूम सुटला की मायक्रोफोन चालू असेपर्यंत कुणी ब्र काढायचा नाही.

चिऊ तेव्हा पाच-सहा वर्षांची असेल. ती चवड्यांवर चालायला शिकली. बायको नळाची धार कापडावर धरायची, म्हणजे पाण्याचा आवाज होत नसे. ओढा खळखळत होता तोवर 'ओढा' रेकॉर्डच झाला नाही. तो आटल्यावर एका दुपारी झाला. वारा सुटला की तुतीची एक फांदी छपरावर घासायची. ती त्याने करवतीने कापून टाकली आणि हात धुऊन 'तुती' वाजवायला बसला. मी हे सगळं पाहत होते. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

मोठ्या व्हायोलिनसारखं दिसणारं बास वाजवायला त्याचा मित्र यायचा. त्याला सगळे लंबू म्हणत. ताडमाड उंच, आणि जिभेला हाड नाही.

"अरे, दार उघड ना," तो म्हणायचा. "वहिनी गातायत ते येऊ दे आत. जाझमध्ये आल्या पाहुण्याला पाट द्यायचा असतो."

"पाहुणा वेगळा आणि गोंगाट वेगळा," संगीतकार म्हणायचा.

"गाणं बशा विसळण्याचं, आणि खरी बशी वाजली की तुझ्या कपाळाला आठी! मग ड्रमवाल्याला बशी कशाला आणून दिलीस?"

कारण ड्रमवाला खरंच स्वयंपाकघरातून आणलेल्या बशीवर तारांचा ब्रश फिरवत होता. हव्या त्या क्षणी, हवी तेवढीच किणकिण. लंबू हसून हसून बेजार झाला. संगीतकार काही हसला नाही.

एवढं करूनही आवाज आत यायचेच. बाहेर काहीतरी पडायचं, कुणीतरी शिंकायचं, गुणगुणायचं. तो ओरडायचा, "गप्प!" आणि वाजवणं थांबायचं. चांगलं वाजलेलं वाया जाऊ नये म्हणून तो बिघडलेला तुकडाच ब्लेडने कापून काढायचा आणि माझी दोन्ही टोकं चिकटपट्टीने जोडायचा. माझे कापलेले तुकडे जमिनीवर पडायचे. संध्याकाळी बायको ते झाडून काढायची.

"केरसुणीला गुंडाळतात मेले," ती पुटपुटायची. आपण काय झाडतोय हे तिला ठाऊक नव्हतं. तिचाच आवाज होता तो, सुपलीत भरून केरात चालला होता. त्यातले दोन लांब तुकडे चिऊने उचलले आणि बाहुलीच्या दोन वेण्यांना रिबिनी म्हणून बांधले.

रेकॉर्ड निघाली. मुखपृष्ठावर तुतीखाली उभ्या असलेल्या तिघांचा फोटो, त्याखाली 'माझ्या माणसांना' अशी अक्षरं. ज्यांनी ऐकली ते म्हणाले, काय घराची ऊब आहे यात! दिव्याखाली अंधार कुणाला दिसतो? रेकॉर्ड घरात पहिल्यांदा लावली तेव्हा बायको ओल्या हातांनी दारातच उभी राहून ऐकत होती. संपल्यावरही ती काही बोलेना.

"अगं, काहीतरी बोल की!"

"छान झालंय," ती हळूच म्हणाली. "आता बोललं तर चालेल ना?"

लंबू खो खो हसला. संगीतकारही हसला. तिने विनोद केलेला नव्हता, हे फक्त मला कळलं असावं.

पुढे मी कपाटात गेले आणि लाकडाच्या फटीतून घर ऐकत राहिले. ऐकत कसली, ऐकण्यासारखं काही नव्हतंच. दुसरी रेकॉर्ड कधी निघाली नाही, पण ती निघेल या आशेवर घर वर्षानुवर्षं चिडीचूप राहिलं. चिऊ मोठी झाली, दुसऱ्या गावी गेली. तिच्या घरात म्हणे दिवसभर रेडिओ चालू असतो, ऐकायला कुणी नसलं तरी. बायको आजारी पडली. शेवटच्या दुखण्यात ती कण्हायची ती उशीत तोंड खुपसून, कारण पुढच्या खोलीत पियानो चालू असायचा. ती गेली तीही आवाज न करता.

मग त्याने रजया उतरवल्या, गादी काढली, खिडकी उघडली. बैल गेला आणि झोपा केला. एके दिवशी त्याने स्वतःच चहाचा कप विसळला आणि तो तसाच थबकला. ती काय गुणगुणायची? चाल तर बोटांत होती, पण आवाज आठवेना. घरात रेकॉर्डिंगचं यंत्र असून त्याने तिचा आवाज कधी मुद्दाम घेतलाच नव्हता. तेव्हा त्याला माझी आठवण झाली.

त्याने मला यंत्रावर चढवलं आणि कानाला हेडफोन लावले. तो मला पुढे-मागे करत राहिला. कुठेतरी एखादा शब्द, एखादं खाकरणं निसटलं असेल. मला तर ओरडून सांगावंसं वाटत होतं, बाबा रे, तुझा हात फार स्वच्छ होता! जिथे जिथे ती होती तिथे तिथे आता चिकटपट्टी आहे. तो शोधत राहिला आणि माझी पूड त्याच्या बाहीवर पडत राहिली.

शेवटी त्याने चिऊला फोन केला. ती आली ती बाहुली घेऊनच. केस पिकायला लागलेली चिऊ, आणि पिशवीत एका डोळ्याची बाहुली.

"बाबा, रिबिनी अजून आहेत."

एका रिबिनीचे सोडवताना हातातच तुकडे झाले. दुसरी त्याने जड पुस्तकाखाली ठेवून सरळ केली आणि माझ्या पहिल्या टोकाला जोडली. माझं हरवलेलं बोट मला परत मिळाल्यासारखं वाटलं. दोघं शेजारी शेजारी बसले. चिऊने बटण दाबलं.

आधी एक बशी किणकिणली. मग बाईच्या आवाजात "हं..." एवढंच, सूर नुसता उचललेला. आणि त्यावर, खोली हादरेल असा, "गप्प!"

बस्स. पुढे काही नाही.

त्यांनी ते पुन्हा लावलं. बशी, सूर, "गप्प!" तिसऱ्यांदा लावताना रिबीन सुरकुतीवर तुटली, आणि तिची पूड झाली.

तो म्हणाला, "मला वाटायचं, मी हळू सांगायचो."

"नाही, बाबा," चिऊ म्हणाली. ती रागावलेली नव्हती. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने बाहुली पिशवीत ठेवली, त्याच्यासाठी स्वयंपाक करून झाकून ठेवला आणि ती गेली.

आता तो माझं फक्त शेवटचं टोक वाजवतो. शेवटची रचना संपल्यावर त्याने थोडी शांतता सोडली होती. तेवढीच तो मोठ्या आवाजात लावतो. तिथे एक बारीक सरसर ऐकू येते. त्याला वाटतं, तो तिचा श्वास आहे. रेकॉर्डिंग संपायची वाट बघत ती दाराआड उभी आहे. त्याने एकदा फोन यंत्रापाशी धरून चिऊलाही ऐकवलं.

"येतंय ना ऐकू?"

"हो, बाबा," पलीकडून ती म्हणाली. "आईच आहे."

ती दाराआड उभी होती, हे खरं आहे. पण श्वास रोखून उभी होती. माझ्यापर्यंत काहीच आलं नाही. तो ऐकतो ती सरसर माझी आहे, माझ्या झिजण्याची. मी जितकी झिजते तितकी ती वाढते. काल तो आनंदाने म्हणाला, "आज जास्त स्पष्ट येतेय."

मी आता काही दिवसांची सोबतीण. तुमच्याकडे कुणी बशा विसळताना गुणगुणत असेल, तर तुमचं काम खुशाल बिघडू द्या, पण तेवढं दार उघडं ठेवा. माझं ऐकाल की नाही कोण जाणे. त्याने लंबूचं तरी कुठे ऐकलं?

उद्या सकाळी तो मला पुन्हा चढवेल. बटण दाबण्याआधी जुन्या सवयीने ओठांवर बोट ठेवेल आणि त्या रिकाम्या घराला म्हणेल, "श्श." आणि घर त्याचं ऐकेल.