कागद जागा ठेवा

सकाळची घाई नेहमीचीच होती. मुलीची एक वेणी झाली होती, दुसरी राहिली होती, डबा भरायचा होता आणि सूनबाईचा अर्धा जीव संगणकात होता. एका विमा कचेरीच्या करारांची भाषा तपासण्याचं काम ती घरूनच करायची.

"बाबा, हिला शाळेत सोडून येते. कागद जागा ठेवा हं."

सासरे लगबगीने खुर्चीत बसले. जन्मभर बस चालवलेला माणूस, पण माउस मात्र अंड्यासारखा जपून धरायचा.

कचेरीने नवं सॉफ्टवेअर बसवलं होतं. कोण कोणत्या मसुद्यावर किती वेळ घालवतो, हे ते आपोआप टिपायचं. पडद्यावरचा बाण हलला की काम, थांबला की आळस आणि नावापुढे लाल रेघ. वाकड्या वाक्यापाशी माणूस डोळे मिटून विचार करतो, तोही आळसच! ज्याच्या नावापुढे लाल रेघा जास्त, त्याला साहेब मधाळ आवाजात विचारत, "घरी सगळं ठीक ना?" या प्रश्नानंतर तिच्या दोन मैत्रिणींना घरी बसावं लागलं होतं. तिला तर अजून कायमही केलेलं नव्हतं.

म्हणून मग सगळं घरच कामाला लागलं. ती अंघोळीला गेली की सासूबाई, बाहेर गेली की सासरे माउस हलवत कागद जागा ठेवायचे. आपण काही वावगं करतोय असं कुणालाच वाटत नव्हतं. उलट सुनेला हातभार लावतो याचा दोघांना अभिमानच होता, आणि चीड यावी ती याचीच.

"अहो, जरा इकडे या," सासूबाईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली. "गरगरतंय मला."

"आलोच. सूनबाई येऊ दे. तोवर खाली बस."

"अहो, खरंच…"

"अगं, हात काढला की तिच्या नावावर लाल पडतं! घोटभर पाणी पी."

त्यांचा जीव वरखाली होत होता. एकदा ते अर्धे उठलेही, पण परत बसले. मग आत भांडी कोसळल्याचा आवाज आला.

सूनबाई परतली तेव्हा सासूबाई फरशीवर कण्हत होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. सासरे त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते.

"मला वाटलं, तुझी नोकरी जाईल गं," एवढंच ते पुन्हापुन्हा म्हणत होते.

सासूबाईंचं ऑपरेशन झालं. पुढच्या आठवड्यात सूनबाई कामावर हजर झाली. पडद्यावर सगळ्यांचे चेहरे जमले आणि साहेब खुशीत म्हणाले, "हिच्याकडून शिका! घरी एवढा अपघात झाला, पण सुट्टी मागण्याआधी हिचा हात दोन-चार मिनिटंच थांबला. याला म्हणतात निष्ठा. मी हिला कायम करायची शिफारस करतोय."

टाळ्या वाजल्या. ती गप्प राहिली असती तर नोकरी पक्की होती. शेजारच्या खोलीत सासरे बायकोला उठवून बसवत होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं.

"साहेब, तो हात माझा नव्हता," ती म्हणाली. "माझ्या सासऱ्यांचा होता. सासूबाई हाका मारत होत्या आणि ते तुमचा बाण हलवत होते."

मग कोपऱ्यातल्या चौकटीतून एक दबका आवाज आला, "माझ्याकडे आई बसते."

"माझा नवरा. रात्रपाळी करून आला तरी बसतो."

ज्यांच्या नावापुढे कधी लाल रेघ दिसली नव्हती त्या वयस्क बाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "माझी मुलगी. परीक्षा आहे हो तिची."

"हा विषय आपण नंतर घेऊ," साहेब घाईघाईने म्हणाले.

"नंतर नको." ती थांबली नाही. "मी विचार करत बसले की लाल पडू दे. मला काढायचं तर काढा. पण आमच्या घरच्यांना आजपासून कामावरून मोकळं करा, साहेब. त्यांनी तुमच्याकडे नोकरी मागितली नव्हती."