फक्त मृणालच्या कानात

प्रभाकर देवळे तीस वर्षं उज्जैनमध्ये साउंडचं काम करत होता. टावर चौकाच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान. शहरातल्या मराठी मंडळींचा गाण्याचा कार्यक्रम असला की मिक्सरवर तोच बसायचा. मृणालचं गाणं तर ती शाळेत होती तेव्हापासून त्यानं ऐकलेलं.

मिक्सरवर टॉकबॅकचं एक बटण असतं. ते दाबून बोललं की आवाज फक्त गाणाऱ्याच्या कानातल्या इयरफोनमध्ये जातो, सभागृहाला काही कळत नाही. ‘माइकपासून जरा लांब हो’, ‘घोटभर पाणी पी’, ‘पेटी कमी करतोय’, असं प्रभाकर सांगायचा आणि मृणाल डोळे मिटूनच ते ऐकायची. स्टेजवर तिचा त्या आवाजावर पूर्ण भरवसा होता.

त्या रविवारी नानाखेड्याजवळच्या एका सभागृहात संध्याकाळी पाचला तिचं गाणं होतं. तिचे वडील मंगळवारपासून माधव नगरमधल्या रुग्णालयात होते. हृदयाचं दुखणं जुनंच. याआधी दोनदा आयसीयूत जाऊन परत आलेले. “तू जा गं, मी कुठे पळून चाललोय?” असं म्हणून त्यांनीच तिला पाठवलं होतं. स्टेजवर जाताना तिनं मोबाइल प्रभाकरच्या हातात दिला.

“काका, सुमीतचा फोन आला तर लगेच सांगा. गाणं चालू असलं तरी.”

“सांगतो ना. बिनधास्त जा.”

सहा वाजून दहा मिनिटांनी सुमीतचा, तिच्या धाकट्या भावाचा, फोन आला.

“काका, बाबांची तबियत एकदम बिगडली. डॉक्टर म्हणाले, जिसको बुलाना है बुला लो. शुद्धीवर आहेत, सारखं ताईला विचारतायत. तिला आत्ताच्या आत्ता पाठवा.”

कार्यक्रमाचे आयोजक यज्ञेश्वर कानिटकर शेजारीच उभे होते. प्रभाकरनं हळू आवाजात त्यांना सांगितलं. कानिटकरांचा चेहरा उतरला.

“अरेरे. पण हा ख्याल आणि एक भजन, एवढंच तर राहिलंय. पाहुणे समोर बसलेत, बीच में कैसे उठाएँ? वीस मिनिटांचा प्रश्न आहे. बघा बुवा, तुम्हीच ठरवा.”

स्टेजवर मारवा चालू होता. कोमल रिषभावर मृणाल अशी थांबली होती की तिसऱ्या रांगेतला एक म्हातारा हात वर करून तसाच बसून राहिला. तीस वर्षांत प्रभाकरनं असा मारवा ऐकला नव्हता. रेकॉर्डिंगही चालू होतं.

त्यानं बटण दाबलं. मृणालनं डोळे उघडले आणि सगळ्या रांगांवरून थेट त्याच्याकडे पाहिलं.

“छान चाललंय,” तो म्हणाला. “चालू दे.”

ती किंचित हसली. पुन्हा डोळे मिटून घेतले.

वीस मिनिटांची चाळीस झाली. भजन संपल्यावर लोकांनी आणखी एक मागितलं. मध्येच सुमीतचा पुन्हा फोन आला, तेव्हा प्रभाकरच्या तोंडून निघून गेलं, “निघाली ती.”

पडदा पडल्यावर त्यानं विंगेत जाऊन तिला सांगितलं. तिनं चपलाही घातल्या नाहीत. प्रभाकरच्या गाडीत ती पुढे वाकून बसली होती. महाकालच्या दर्शनाला आलेल्या बाहेरगावच्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला. ते पोचले तेव्हा सुमीत आयसीयूच्या बाहेर जमिनीवर बसला होता.

“किती वेळ लावलास ताई? काका म्हणाले तू केव्हाच निघालीस. मी बाबांना सांगितलं, ताई रस्त्यात आहे. ते दाराकडेच बघत होते.”

पावणेसातलाच संपलं होतं सगळं. मृणालनं वळून प्रभाकरकडे पाहिलं. मग ती आत गेली.

तेरावं झाल्यावर ती दुकानात आली. स्टुलावर बसली.

“काका, एकच विचारायचंय. तुम्ही ‘छान चाललंय’ म्हणालात, ते सुमीतच्या फोनच्या आधी की नंतर?”

‘आधी’ म्हटलं असतं तरी तिला खरं वाटलं असतं. कानिटकरांवरही ढकलता आलं असतं.

“नंतर,” प्रभाकर म्हणाला.

“का?”

“याआधी दोनदा ते बरे होऊन आले होते, म्हणून…” तो अडखळला. “नाही. तू फार सुंदर गात होतीस. मला ते थांबवता आलं नाही.”

बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती.

“ते रेकॉर्डिंग आहे तुमच्याकडे?”

“आहे. तुझ्यासाठीच—”

“पुसून टाका.”

“मृणाल, असं गाणं पुन्हा…”

“माझ्यासमोर पुसा.”

त्यानं पुसलं. ती उठून संगणकाच्या पडद्याकडे बघत उभी होती. काम झाल्याची खात्री करून तिनं पर्स खांद्याला लावली. एरवी निघताना ती ‘येते काका’ म्हणायची. आज “जाते” म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

दिवाळीच्या कार्यक्रमाला कानिटकरांनी मिक्सरवर बसायला इंदूरहून माणूस बोलावला. प्रभाकरला सांगायला ते स्वतः दुकानात आले होते. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत बसले. माणूस का बदलला, ते त्यांनी सांगितलं नाही आणि प्रभाकरनंही विचारलं नाही. त्यांच्यासाठी चहा मागवला.